आमलाबाईचा चहा

आत्या गेली त्या वेळी मी सौंसरच्या बसस्टँडवर पर्चे वाटत होते. पावसाळ्याचे दिवस, म्हणून पर्चा सापाचा होता. साप चावला की आधी दवाखाना गाठा, बाकी सगळं नंतर. एक म्हातारे बाबाजी पर्चा उलटासुलटा करून विचारत होते, "याच्यात औषध कोणतं लिवलं हाय, बाई?" आणि मी त्यांना समजावत होते की औषध पर्च्यात नसतं, दवाखान्यात असतं... तेवढ्यात फोन वाजला. बाबा होते. माझे बाबा पांढुर्ण्याच्या शाळेत तीस वर्षं मास्तर होते. आयुष्यभराचं बोलणं वर्गातच संपलं असावं, घरी ते मोजकंच बोलतात. म्हणाले, "रश्मे, आत्या गेली. आता, अकरा वाजता. ओसरीवर बसल्या बसल्या." मागे कंडक्टर नागपूर, नागपूर करून ओरडत होता. मग बाबा म्हणाले, "तुझा चहा तसाच हाय," आणि त्यांनी फोन ठेवला.

त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी आत्यावर लिही, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. पर्चा एका बैठकीत लिहून होतो. हे मात्र चार वेळा फाडलं. पर्च्यात मला नेहमी माहीत असतं की चूक कोणाची आहे.

मंदाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहानपणी मला तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की ती मेलेली आहे. पितृपक्षात नवमीला आमच्याकडे एक जादा पान निघायचं. जी बाई नवऱ्याच्या आधी, कुंकू लावून जाते तिच्यासाठी ही नवमी असते. आई त्या पानावर भात, कढी, वडे, गवारीची भाजी वाढायची आणि बाबा पाणी फिरवून म्हणायचे, "मंदाताईचं." आम्ही भावंडं नमस्कार करायचो. मी पुढं होऊन विचारायची, आत्या कशानं गेली? आई म्हणायची, तापानं. बाबा ते पान गच्चीवर ठेवायला जायचे आणि खूप वेळ वरच राहायचे.

मी नऊ वर्षांची असताना ती तापानं गेलेली आत्या रिक्षातून उतरली. केस बारीक कापलेले, हातात प्लास्टिकची पिशवी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. बाबा तिच्यामागून उतरले आणि आम्हाला म्हणाले, "आत्याच्या पाया पडा." माझा धाकटा भाऊ घरात पळाला आणि पलंगाखाली जाऊन बसला. भूत आलं, भूत आलं म्हणून तो रडत होता आणि घरातल्या एकाही मोठ्या माणसाला त्याला खोटं पाडता येत नव्हतं.

खरं काय ते पुढं कळत गेलं, तुकड्या-तुकड्यांनी. आत्या लग्न होऊन गेली, पहिलं बाळ आठव्या दिवशी गेलं, आणि त्यानंतर तिनं बोलणं सोडलं. जेवेना, झोपेना, रिकामा पाळणा हलवत बसे. काही मंगळवार तिला बाधा उतरवायला जामसांवलीच्या देवळात नेलं. ते दिवस ती चांगले सांगायची. "तिथं मले कोणी काई विचारे नाई. झाडाखाली बसून राहो. पोटभर जेवण भेटे." मग सासरच्यांनी तिला एका मोठ्या शहरातल्या जुन्या मनोरुग्णालयात भरती केलं आणि वर्षाच्या आत नवऱ्याचं दुसरं लग्न लावलं. त्या दवाखान्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक त्या एका इमारतीला शिव्या घालून मोकळे होतात आणि आपापल्या घरात डोकावायचं राहून जातं. आमच्या घरात डोकावलं तर असं दिसतं की सुरुवातीला आजोबा तिला भेटायला जायचे. मग धाकट्या दोन आत्यांची लग्नं निघाली. घरात वेड आहे म्हटलं की पाहुणे चहा न घेता उठतात. एका पाहुण्यानं थेट विचारलं, थोरली कुठं असते? आजोबा म्हणाले, गेली. तापानं. एकदा गेली म्हटल्यावर गावाला दिसेल असं काहीतरी करणं भाग होतं, म्हणून नवमीचं पान सुरू झालं. लग्नं झाली. आजोबा वारले. पान चालू राहिलं. एकोणीस वर्षं ती तिकडे जिवंत होती, आणि आम्ही तिला वर्षातून एकदा जेवू घालत होतो.

मी भूतप्रेतांच्या विरोधात चौकाचौकात बोलते, गोटमारीच्या, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या जत्रेच्या, दिवशी पुलाजवळ पर्चे घेऊन उभं राहण्याचा आगाऊपणा करून शिव्या खाल्लेली मुलगी आहे. आणि माझ्या स्वतःच्या घरात एका जिवंत बाईचं भूत पद्धतशीर बसवलं होतं. आजोबांनी सुरू केलेलं, आणि माझ्या शिकल्यासवरल्या मास्तर बापानं चालू ठेवलेलं.

तिकडच्या एका समाजसेविकेनं पत्ता शोधून पत्र पाठवलं तेव्हा आजोबा हयात नव्हते. बाबा त्याच दिवशी निघाले, आणि ती आली. त्या वर्षीची नवमी मला अजून स्पष्ट आठवते. आईनं सवयीनं जादा पान मांडलं, वाढलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. हातातला कढीचा डाव तसाच राहिला. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिनं पानं मोजली. माणसं मोजली.

"हे कोणाचं हाय?"

आई रडायला लागली. बाबा खाली बघत होते. आत्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती उठली, त्या पानावर येऊन बसली आणि म्हणाली, "माहंच हाय तं मीच जेवतो. गार होऊन राहिलं." आणि जेवली. सगळं. कढी तर मागून घेतली. बाबांकडे बघून म्हणाली, "मिठाचं पाह्य, भाऊ. इतके वर्षं अळणीच जेवू घातलं का मले?" बाबा हसले आणि हसता हसता तसेच ताटावरून उठून मागच्या अंगणात गेले. त्या दिवसापासून घरात आत्यापासून कोणी काही लपवलं नाही, आणि तिनंही झालेल्या गोष्टीचा उच्चार केला नाही. ओसरीवर बसून ती संत्र्याच्या दिवसांत संत्री निवडायची. डाग पडलेली वेगळी, बरी वेगळी. शेजारच्या बाया आधी तिला घाबरायच्या, मग लोणच्याच्या फोडी तिच्याकडून करून घ्यायला लागल्या.

तिची एक सवय होती. सकाळी सगळ्यांच्या हातात चहाचा कप आल्याशिवाय ती स्वतः घोट घ्यायची नाही. कोणी अंघोळीला गेलं असेल तर बाथरूमच्या दारावर थाप. "चहा झाला व, निंग बाहेर." दूधवाला, वर्तमानपत्रवाला, मीटर बघायला आलेला माणूस, कोणीही असो. मी परीक्षेच्या दिवसांत चहा सोडला होता तर तिनं माझ्यापुढे कप ठेवून अर्धा तास धरणं धरलं. आम्ही चेष्टा करायचो, आत्याचं चहाचं दुकान. कारण विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मला ते कारण वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं, तेही माझ्याच एका पर्च्यामुळे.

झालं असं. त्या जुन्या दवाखान्याचा बायांचा वॉर्ड बरीच वर्षं बंद पडलेला आहे. रुग्ण नव्या इमारतीत गेले. बंद वॉर्डात भूत आहे, अशी तिथं जुनी चर्चा. सकाळच्या वेळी, चांगल्या उजेडात, आतून एका बाईचा आवाज येतो आणि ती विचारते, चाय आ गयी क्या? जुने पहारेकरी तिला आमलाबाई म्हणत. चहाची तलफ लागून मेलेली कोणी वेडी बाई, असं काहीबाही सांगत. आणि ती कोणाला त्रास देऊ नये म्हणून सकाळच्या किटलीतला पहिला कप ते वॉर्डाच्या खिडकीत ठेवत. काही तरुणांनी त्याचा व्हिडिओ केला, लाखो लोकांनी पाहिला, आणि नव्या इमारतीतल्या बाया घाबरून औषध घेईनात अशी तक्रार आमच्या अंधश्रद्धाविरोधी गटाकडे आली. आम्ही चौघं गेलो. दोन दिवस तपासलं. झरोक्याची पट्टी सैल होती, वारा आला की कण्हल्यासारखा आवाज. आत पारवे. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला : आमलाबाई नावाची रुग्ण कधी दाखल होती का? उत्तर आलं, अशा नावाची नोंद नाही. झालं, काम फत्ते! मी पर्चा लिहिला. मथळा दिला, 'भूत चहा पीत नाही, मुंगळे पितात.' आत लिहिलं, आमलाबाई नावाची कोणतीही स्त्री या रुग्णालयात कधीच नव्हती. खाली निवेदन : खिडकीतला कप बंद करा. त्या निवेदनावरून तिथल्या कार्यालयानं खिडकीत कप ठेवण्यावर बंदी घातली. आम्ही पेढे वाटले. मी पेढा आणि पर्चा दोन्ही घरी आणले.

आत्या चौथी शिकलेली होती. चष्मा लावून, बोट ठेवून, एक-एक ओळ वाचायची. तिनं पर्चा पूर्ण वाचला. पेढा ताटलीत तसाच राहिला.

"तुले कोणं सांगतलं, नव्हती म्हणून?"

"रेकॉर्डच नाही, आत्या. रजिस्टरमध्ये नाव नाही."

"रजिस्टरमधी!" ती म्हणाली. "मी व्हतो का तुह्या घरच्या रजिस्टरमधी? तिथं तं मी मेलो होतो."

ती पुढं बोलायला लागली. इतक्या वर्षांत एवढं सलग ती पहिल्यांदाच बोलत होती. पोलिसांनी रेल्वेतून, फलाटावरून आणलेल्या बायांची नावं कोणाला माहीत नसत. कागदावर आकडा. मग वॉर्डातल्या कामाच्या बाया त्यांना स्टेशनाच्या नावानं हाका मारत. इटारसीबाई, बैतूलबाई, आमलाबाई. आत्याचं नाव कागदावर होतं तरी तिलाही त्या ओळीतच बसवलं. "एकोणीस वर्षं मी पांढुर्णाबाई होतो, रश्मे. मंदा म्हणून कोणी हाक मारली तं मी मागं पाहो, का कोणाले बोलावून राहिले." आमलाबाईची चटई तिच्या शेजारी होती. ती फारसं बोलायची नाही. हिंदीत दोन-चार शब्द. सकाळी उठली की एकच प्रश्न विचारायची, चाय आ गयी क्या?

हा प्रश्न तलफेचा नव्हता. आठवड्यातून दोन दिवस त्या वॉर्डात करंट देत. विजेचा झटका. आज तो भूल देऊन, नीट काळजी घेऊन देतात आणि त्यानं माणसं बरी होतात, हे मला ठाऊक आहे, मी त्याबद्दलही पर्चा लिहिला आहे. तेव्हा तिथं भूल नव्हती. "भूल-बिल काई नाई व. चार बाया धरत. तोंडात कापडाचा बोळा. मंग अंगातून आगगाडी गेल्यावानी." करंट उपाशीपोटी द्यायचा असतो, म्हणून ज्यांची पाळी त्यांना सकाळचा चहा नाही. यादी असायची, पण साड्यांवर छापलेले आकडे धुऊन धुऊन पुसून गेले होते, आणि अख्ख्या वॉर्डाला कामाच्या बाया दोनच. म्हणून चेहरे ओळखणारी एक बाई यादीतल्या बायांना वगळून बादलीतून चहा वाढत जायची, दुसरी मागून येऊन प्रत्येकीचा मग बघत जायची. जिचा मग कोरडा, तिला उठवायचं. अशी ती पद्धत होती. चहा आला की त्या दिवसापुरती सुटका. नाही आला तर...

"एक दिवस माहा मग कोरडा राहिला," आत्या म्हणाली. "दोन दिवसांचा ताप होता मले. उठता येत नोव्हतं. आमलाबाईनं पाहिलं. तिचा मग भरला होता. तिनं काय केलं, आपला मग माह्या हातात देल्ला आन् माहा कोरडा मग घेऊन बसली. मले वाटलं, ताप हाय म्हणून देऊन राहिली. गरम होता, रश्मे. मी पिलो."

ताटलीतल्या पेढ्यावर माशी बसली होती, ती तिनं हातानं उडवली.

"मंग ते बाई आली मागून. आमलाबाईचा मग कोरडा. तिले उठवलं. उठताना मले म्हणे, गिराना मत. सांडू नको म्हणे. एवढंच म्हणे. दुपारी तिची चटई गुंडाळून नेली."

मी विचारलं, कोणी चौकशी नाही केली? किती मूर्खासारखा प्रश्न! पर्चेबाज माणसाला वाटतं, प्रत्येक गोष्टीची चौकशी झालेली असते, फक्त दडपलेली असते. आत्या म्हणाली, "कोण करन? तिचं नावच नोव्हतं कोणाजवळ." मग म्हणाली, "भूत नाई राहत, मले मालूम हाय. मी काय इतकी येडी हाय का? पण मले वाटे, तिले या जगात मी एकटीच आठवून राहिलो. तुह्या पर्च्यात वाचलं, का तिथले मानसं रोज तिच्या नावानं चहा ठेवत... मले इतकं बरं वाटलं व, इतकं बरं वाटलं... आन् खालच्या ओळीत तू लिहिलं, बंद करा म्हणून."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "आता एक पर्चा अजून छाप. लिही त्याच्यात, आमलाबाई होती म्हणून. बस. दुसरं काई नको लिहू."

एवढीच तिची मागणी होती, एका ओळीची. आणि ती मी पुरी केली नाही.

कारणं माझ्याकडे भरपूर होती. मी गटात विषय काढला. तिथं म्हणाले, असं छापलं तर लोक म्हणतील भूत खरं निघालं, सगळं काम पाण्यात. पुरावा आण, मग बघू. मलाही ते पटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी आत्याला म्हटलं, आधी तिचं खरं नाव शोधू, नुसतं आमलाबाई काय छापायचं? अर्जावर अर्ज टाकले. त्या काळचे कागद जीर्ण झाल्यानं नष्ट केले, असं उत्तर आलं. अपील केलं. पुन्हा तेच. आत्या प्रत्येक पाकीट उघडताना शेजारी येऊन बसायची आणि मी मान हलवली की उठून चहा ठेवायची.

गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली, "आमल्याले जाऊन पाहू." मी तिला सांगितलं की आमल्याला ती फक्त गाडीतून उतरवली गेली असेल, तिचं गाव कुठलंही असू शकतं. "असू दे. पाहून तं येऊ." पॅसेंजरनं गेलो. खिडकीपाशी बसून ती प्रत्येक स्टेशनाचं नाव मोठ्यानं वाचत होती, आणि वाचून झालं की हात जोडत होती. समोरची बाई मला हळूच म्हणाली, "बडी भक्तिन हैं माताजी." खरं तर त्या प्रत्येक नावाची एकेक बाई तिला ओळखीची होती. आमल्याला उतरून आम्ही स्टेशनाबाहेरच्या जुन्या वस्तीत विचारत फिरलो. खूप वर्षांपूर्वी कोणाची बाई हरवली होती का? वय? माहीत नाही. नाव? माहीत नाही. दिसायला? आत्या सांगायची, "हासे तं एक दात आडवा दिसे." एका दाराशी एक आजीबाई बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "बेटी, यहाँ तो हर घर से कोई न कोई गया है." त्यांनी आम्हाला पाणी दिलं. परत फलाटावर आलो तेव्हा आत्यानं चहाच्या ठेल्यावर तीन चहा सांगितले. ठेलेवाला म्हणाला, "माताजी, तीसरी किसकी? दो ही तो हो."

"आती है," आत्या म्हणाली.

बाकड्यावर आमच्या दोघींच्या मधे तिनं तो कप ठेवला. गाडी येईपर्यंत त्याच्यावर हात धरून बसली, धूळ उडू नये म्हणून. मी, मुंगळे पितात असं लिहिणारी, मी तिच्या हातावर माझा हात ठेवला. गाडी आली. तिनं चहा ठेल्यामागच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतला, कप विसळून परत केला आणि चढली. येताना म्हणाली, "आपल्या नवमीचं पान बंद पडलं, ते पुन्हा सुरू कर. माह्यासाठी नाई, मी तं जेवून राहिलो घरात. तिच्या नावानं काढत जा." आणि मग, नेहमीसारखं, "पर्चा कधी छापून राहिली?"

शेवटच्या सकाळीही तिनं तेच विचारलं. मला सौंसरची बस गाठायची होती. पिशवीत सापाचे पर्चे कोंबत होते. ती कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. "तिचा पर्चा?" मी म्हटलं, पुढच्या हप्त्यात आत्या, नक्की. "बरं. चहा घे." उशीर होऊन राहिला, आल्यावर घेते, म्हटलं. "दोन घोट घे व. कोरड्या तोंडानं नको जाऊ." मी चपला घालत होते. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फाटकापाशी मागून तिचा आवाज आला, "रश्मे, चहा..." आणि मी हात हलवला. इतकी वर्षं तिच्या घरातून एकही माणूस चहा न घेता बाहेर पडला नव्हता. मी पडले. का घेत नव्हती ती स्वतःचा घोट सगळ्यांच्या आधी, हे ज्या एकटीला माहीत होतं, तीच मी.

मागच्या हप्त्यात नवमी झाली. मी बाबांना विचारलं, आत्याचं पान? ते म्हणाले, "या साली नाई निंगत. वर्ष व्हाव लागते." मला हसू फुटलं. ती दवाखान्यात जिवंत होती तेव्हा दरवर्षी पान, आणि आता खरंच गेली तर नियमानं नाही! मी मोठमोठ्यानं हसले आणि मग मला थांबता येईना, आणि आई येऊन मला धरून बसली. मग बाबांनी एक पान घेतलं, पुसलं, स्वतः वाढलं. कढीत मीठ आहे का ते आईला चाखायला लावलं. पाणी फिरवलं आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं मोठ्यानं म्हणाले, "आमलाबाई." मी अशा कामांत कधी हात घालत नाही. त्या दिवशी पानाशेजारी चहाचा कप मी ठेवला.

पर्चा छापून आला आहे. गटाचं नाव त्यावर नाही, माझं आहे. एकच ओळ आहे. आमलाबाई होती. पहिला गठ्ठा घेऊन मी त्या जुन्या दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहणार आहे, आणि माझ्याच निवेदनावरून बंद झालेला खिडकीतला कप पुन्हा ठेवू द्या, असं दुसरं निवेदन देणार आहे. लोक हसतील. हसू द्या. हे सगळं पाच आठवडे आधी करता आलं असतं.

त्या दिवशी मी सौंसरहून घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. बैठकीत आत्याला खाली घेतलेलं, भोवती बाया. मी आधी तिच्याजवळ गेले नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर माझा कप होता, वर बशी झाकलेली. आई मागून आली, म्हणाली, "तू गेल्यावर तिनं झाकून ठेवला. मी ओतून देतो म्हटलं तं ओतू देईना. येईन ते, म्हणे. मंग ओसरीवर जाऊन बसली." मी विचारलं, तिनं स्वतः घेतला होता? आईनं तोंडाला पदर लावला. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आत्याचा कप होता. भरलेला. ती माझी वाट बघत होती.

मी बशी काढली. चहावर जाड साय धरली होती. आई म्हणाली, "अव, थंडा झाला, राहू दे." मी कप दोन्ही हातांनी धरला आणि उभ्या उभ्या सगळा प्याले. मग तिचा घेतला आणि तोही प्याले. एक थेंब सांडू दिला नाही.